द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी व साखरेची खूण

गडहिंग्लज तालुक्यात खरीप हंगामात भुईमूग व सोयाबीन ही दोन्ही द्विदल पिके घेतली जातात. हवेतील नत्र पिकास मिळवून देणारे जिवाणू त्यांच्या मुळांवरील गाठींत राहतात, ही गोष्ट शेतकरी बंधूंस ठाऊक आहेच. परंतु एका पिकाचे जिवाणू-संवर्धन दुसऱ्या पिकास का चालत नाही, याचा उलगडा सहसा केला जात नाही.

याचे मर्म साखरेत आहे. साखर म्हणताच आपणांस ऊस व गूळ आठवतो. पण सजीवांमध्ये साखर ही शक्ती पुरविणारी वस्तू असून शिवाय ओळख पटविणारी खूणही असते. सोयाबीनचे मूळ प्रथम काही द्रव्ये मातीत सोडते. ती जाणवताच योग्य जातीचा जिवाणू उत्तरादाखल एक लहानशी साखळी तयार करतो. तीत नत्रयुक्त साखरेचे चार-पाच मणी असून एका टोकास स्निग्धाम्ल जोडलेले असते. मुळाच्या पेशींवरील विशिष्ट प्रथिने ही साखळी कुलपात किल्ली बसावी तशी धरतात. मग मूलरोम वळतो, जिवाणू आत शिरतो व गाठ धरू लागते. या साखळीची रचना १९९० साली फ्रान्समध्ये लसूणघासाच्या जिवाणूवरील संशोधनात उलगडली. त्या साखळीवरील सल्फेटचा अंश नाहीसा झाला, तर लसूणघास त्या जिवाणूस ओळखत नाही. सोयाबीनच्या जिवाणूच्या साखळीवर सल्फेट नसून एक निराळीच साखर जोडलेली असते.

नवलाची गोष्ट अशी की, बुरशीच्या पेशीभित्तिकेतही हेच मणी असतात. मात्र तेथील सात-आठ मण्यांचा तुकडा हाती लागताच वनस्पती त्यास शत्रू समजून प्रतिकार सुरू करते. मणी तेच, लांबी व जोड बदलली की अर्थ पालटतो.

भुईमुगाची तऱ्हा थोडी वेगळी आहे. त्यात जिवाणू मूलरोमातून न जाता उपमुळे फुटतात तेथील भेगांतून शिरतात. भुईमुगाच्या दाण्यातही साखर ओळखणारे एक प्रथिन असते. त्याची रचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. विजयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली.

तेव्हा संवर्धनाचे पाकीट घेताना त्यावरील पिकाचे नाव व वापराची अंतिम तारीख अवश्य वाचावी. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन थंड केलेल्या गुळाच्या पाण्यातून हलक्या हाताने चोळावे. (हा गूळ केवळ चिकटण्यासाठी, वर सांगितलेल्या खुणेशी त्याचा संबंध नाही.) बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. जमिनीत नत्र मुबलक झाल्यास पीक स्वतःच गाठी आवरते. म्हणून युरियाचा सढळ वापर केल्यास पाकिटाचा खर्च वाया जातो.

पेरणीनंतर सुमारे पाच आठवड्यांनी चार-पाच ठिकाणची रोपे उपटून न काढता कुदळीने मातीसह खणावीत व मुळे पाण्यात धुवावीत. गाठ नखाने चिरून पाहावी. आत गुलाबी रंग दिसल्यास नत्राचे काम चालू आहे. पांढरा किंवा हिरवट दिसल्यास ती गाठ निकामी समजावी.