दोन रुग्णालये, एक रुग्ण : मनोविकार व कर्करोग यांच्या औषधांचा मेळ

वैद्यकशास्त्राची जसजशी प्रगती झाली, तसतशा त्याच्या शाखा वाढल्या आणि एकाच रुग्णाची चिकित्सा अनेक ठिकाणी होऊ लागली. अंबरनाथ पश्चिम येथील एखाद्या कुटुंबात छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असेल, तर त्याचे औषध बहुधा 1901 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयातून किंवा एखाद्या खाजगी मनोविकारतज्ज्ञाकडून चालू असते. त्याच व्यक्तीस पुढे कर्करोग झाला, तर कुटुंबीय तिला 1941 साली सुरू झालेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात नेतात. ठाणे आणि परळ ही दोन्ही स्थानके मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. परंतु एका ठिकाणचा केसपेपर दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचविण्याचे काम रुग्णाच्या कुटुंबालाच करावे लागते.

हे काम अनेकदा होत नाही. मनोविकाराविषयी समाजात असलेल्या संकोचामुळे नातेवाईक कर्करोगतज्ज्ञांसमोर मानसिक आजाराचा उल्लेख टाळतात. कर्करोगासारख्या मोठ्या आजारापुढे जुन्या गोळ्यांचे महत्त्व ते काय, असेही पुष्कळांना वाटते. या मौनाचा परिणाम मात्र थेट रुग्णाच्या जीवितावर होऊ शकतो.

रक्तातील पांढऱ्या पेशी

कर्करोगावरील बहुतेक रसायनोपचार, म्हणजे केमोथेरपी, वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. अस्थिमज्जेत रक्तपेशी सतत तयार होत असल्याने त्यांनाही या आघाताची झळ लागते. पांढऱ्या पेशी घटल्या की जंतुसंसर्गाला तोंड देण्याची शक्ती क्षीण होते.

इतर औषधांनी गुण न येणाऱ्या छिन्नमनस्कतेवर क्लोझापाइन हे अत्यंत गुणकारी औषध आहे; परंतु काही थोड्या रुग्णांत तेही पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटविते. 1975 साली फिनलंडमध्ये या कारणाने काही रुग्ण दगावल्यानंतर या औषधासोबत नियमित रक्ततपासणीचा दंडक आला. क्लोझापाइन व केमोथेरपी एकाच वेळी चालू असतील, तर दोन्ही तज्ज्ञांनी विचारविनिमय करून रक्ततपासणीचे वेळापत्रक ठरविणे अगत्याचे असते. असा विचार करून क्लोझापाइन पुढे चालू ठेवता येते; मात्र ते चालू असल्याचे कर्करोगतज्ज्ञांस ठाऊक असले पाहिजे.

हृदयाची लय

हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन यांसारखी मनोविकारावरील काही औषधे हृदयाच्या विद्युत्‌क्रियेचा कालावधी लांबवितात. आर्सेनिक ट्रायऑक्साइड, नायलोटिनिब ही कर्करोगावरील औषधे आणि उलटी थांबविण्यासाठी सर्रास दिले जाणारे ऑन्डॅनसेट्रॉन यांचाही असाच परिणाम होतो. एकेकटे औषध सहसा निभावते. दोन-तीन एकत्र आली आणि त्यात उलट्या-जुलाबांमुळे शरीरातील पोटॅशियम व मॅग्नेशियम घटले, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. ईसीजी काढणे व हे क्षार तपासणे या दोन साध्या उपायांनी हा धोका वेळीच ओळखता येतो.

एकच गोळी, दोन नावे

मनोविकारावरील ओलांझापाइन या औषधाचा उपयोग आता कर्करोगाच्या रुग्णांतही होतो. मेंदूतील ज्या ग्राहींमुळे मळमळ व उलटीची भावना निर्माण होते, त्यांपैकी काहींना हे औषध रोखते. टाटा स्मारक रुग्णालयात या औषधाच्या 10 मिलिग्रॅम व 2.5 मिलिग्रॅम अशा दोन मात्रांची तुलना करण्यात आली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, अल्प मात्रेने उलटीवर जवळजवळ तेवढेच नियंत्रण मिळते आणि दिवसा येणारी गुंगी मात्र पुष्कळच कमी असते.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, कर्करोगाच्या रुग्णास ही गोळी दिली म्हणजे त्याला वेड लागले, असा अर्थ नव्हे. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. जो रुग्ण मनोविकारासाठी ओलांझापाइन आधीच घेत आहे, त्याला तेच औषध वेगळ्या व्यापारी नावाने पुन्हा दिले जाऊ शकते. मात्रा नकळत वाढली की अतिगुंगी येणे, तोल जाणे, पडणे असे प्रकार घडतात. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइडमुळेही, मनोविकारावरील औषधे चालू असता, हातापायांचा ताठरपणा व कंप वाढू शकतो.

विडी सुटते तेव्हा

विडी-सिगारेटच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृतातील एक विकर अधिक कार्यक्षम होते आणि क्लोझापाइन व ओलांझापाइन यांचा निचरा जलद होतो. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यास ही औषधे अधिक मात्रेत लागू शकतात. कर्करोगाचे निदान होताच रुग्ण विडी सोडतो, ही योग्यच गोष्ट होय. परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांत औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. गुंगी, लाळ गळणे, क्वचित आकडीही येते. यास्तव विडी सोडल्याची वार्ता मनोविकारतज्ज्ञास त्वरित द्यावी, म्हणजे मात्रा बदलता येते. तंबाखू चघळण्याचा असा परिणाम होत नाही. तिचे इतर अपाय अर्थातच उरतात.

इतर काही जोड्या

स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन यकृतात रूपांतरित झाल्यावरच पूर्ण गुणकारी ठरते. नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन हे रूपांतर रोखतात. उन्मादावरील लिथियमचे रक्तातील प्रमाण मूत्रपिंडांवर अवलंबून असल्याने सिस्प्लॅटिनसारख्या मूत्रपिंडांना ताण देणाऱ्या औषधासोबत त्याची तपासणी काटेकोरपणे करावी लागते. कार्बामाझेपिन हे इमॅटिनिबचा प्रभाव उणा करते. या प्रत्येक बाबतीत पर्याय उपलब्ध असतो. तो शोधण्यासाठी माहिती मात्र हवी.

औषध बंद करणे हा उपाय नव्हे

वरील विवेचन वाचून मनोविकारावरील गोळ्या परस्पर थांबविणे अत्यंत घातक ठरेल. आजार उलटला तर रुग्ण कर्करोगाचे उपचारही नाकारतो आणि दोन्ही आघाड्यांवर हानी होते. क्लोझापाइन दोन दिवसांहून अधिक खंडित झाल्यास ते जुन्या मात्रेत एकदम सुरू करता येत नाही. अल्प मात्रेपासून पुन्हा चढवीत न्यावे लागते. शस्त्रक्रियेसाठी दाखल होतानाही ही बाब सांगितली पाहिजे.

कुटुंबाने काय करावे

1. सर्व औषधांची एकच यादी करावी. तीत औषधाचे मूळ नाव, मात्रा व वेळ लिहावी. मूळ नाव वेष्टनावर छापलेले असते.

2. दोन्ही रुग्णालयांचे कागद एकाच पिशवीत ठेवून प्रत्येक भेटीस न्यावेत. झोपेच्या, आयुर्वेदिक व गावठी औषधांचीही नोंद करावी.

3. नवे औषध मिळताच, "आधीच्या औषधांबरोबर हे चालेल काय?" असे डॉक्टरांस व औषधविक्रेत्यास विचारावे.

4. केमोथेरपी चालू असता 100.4 अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास घरगुती गोळीवर विसंबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. तापासोबत अंग ताठरणे व भान हरपणे हे मनोविकारावरील औषधाच्या दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणामाचे लक्षण असू शकते.

5. चक्कर, बेशुद्धी किंवा छातीत धडधड झाल्यास ते लगेच कळवावे.

कार्यकर्त्यांची जबाबदारी

29 मे 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 अन्वये मानसिक रुग्णास शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने उपचार मिळण्याचा, तसेच आपल्या आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. डॉक्टरांस सांगितलेली गोष्ट गावभर होणार नाही, हा विश्वास कुटुंबास देणे हे पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांचे काम आहे. त्यांनी औषधांविषयी सल्ला देऊ नये. यादी लिहून देण्यास, कागद जपण्यास आणि गरज पडल्यास रुग्णासोबत जाण्यास मात्र अवश्य साहाय्य करावे. मानसिक आरोग्यविषयक मार्गदर्शनासाठी 2022 साली सुरू झालेली 'टेलि-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

कर्करोगाची चिकित्सा दीर्घ व खर्चिक असते. मनोविकाराची तर कित्येकदा आयुष्यभराची. या दोन्ही चिकित्सा परस्परांस मारक न ठरता एकाच रुग्णाच्या हिताच्या व्हाव्यात, यासाठी लागणारे पहिले साधन अगदी अल्पमोली आहे. ते म्हणजे वहीच्या एका पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलेली औषधांची यादी आणि ती दोन्ही डॉक्टरांपुढे निःसंकोचपणे ठेवण्याची तयारी.