जिथे एकही गाडी जात नाही, तिथे धंदा कसा चालतो?



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ अपुरा पडला, म्हणून उरलेला धडा इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण सल्ल्यासाठी माझ्याकडे आला. घाटरस्त्याला लागून त्याची वडिलोपार्जित जागा होती. तिथे नाश्ता सेंटर आणि मुक्कामाच्या दोन खोल्या काढायच्या होत्या. मी त्याच्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, तासाभरात जाणाऱ्या गाड्या मोजल्या आणि म्हणालो, "एवढी वर्दळ आहे, डोळे झाकून सुरू कर!" त्याने कर्ज काढलं, बायकोचे दागिने गहाण ठेवले. आठ महिन्यांत कुलूप लागलं. गाड्या रोज जात होत्या, थांबत कुणी नव्हतं. उतारावरच्या वळणावर ब्रेक कोण मारणार? आणि जो तासाभरात घरी पोचणार, तो खोली कशाला घेईल? मी गाड्या मोजल्या, थांबणारी माणसं मोजलीच नाहीत.

म्हणून आज याच्या अगदी उलट उदाहरण घेऊ. अशी वाट, जिथून एकही मोटार जात नाही, तरी तिच्या काठावर छोटे धंदे चालतात.

वाट कुठली?

अमेरिकेतली 'ग्रेट ॲलेगेनी पॅसेज'. मेरीलँड राज्यातल्या कंबरलँडपासून पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत सुमारे २४० किलोमीटर. ॲपलाचियन पर्वताचा हा भाग म्हणजे झाडीने भरलेले बुटके डोंगर आणि त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या नद्या. वाटेवरची सगळ्यात उंच जागा ७२९ मीटर, म्हणजे आपल्या लोणावळ्यापेक्षा थोडी जास्त. फी नाही, टोल नाही. रहदारी मुख्यतः चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची.

बहुतेक भागात डांबर नाही, चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली आहे. अशा रस्त्यासाठी जरा रुंद टायरची सायकल लागते, तिला 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात. दिसायला रेसिंग सायकलसारखी, पण खडी-मातीवर बिनधास्त चालणारी.

ही वाट मुळात रेल्वेची. कोळसा, कोक आणि पोलाद यांच्या जिवावर हा सगळा पट्टा उभा होता. ते उद्योग बसले, तसे काही लोहमार्गही बंद पडले. डोंगरातून जाणारा वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा मार्ग १९७५ मध्ये बंद झाला. मग रूळ काढलेल्या त्या पट्ट्यावर सायकलची वाट करायचं ठरलं. पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइल गावाजवळ खुला झाला आणि संपूर्ण वाट २०१३ मध्ये पूर्ण झाली. सत्तावीस वर्षं लागली!

रेल्वेला खडा चढ चालत नाही. त्यामुळे कंबरलँडहून सर्वोच्च ठिकाणापर्यंतच्या सुमारे ३८ किलोमीटरच्या चढातही जास्तीत जास्त १०० मीटरला पावणेदोन मीटर एवढीच चढण आहे. म्हणजे इथे सायकल मारायला पैलवान असावं लागत नाही. निवृत्त जोडपीही सामान लादून निघतात. धंद्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, कारण चढ कमी तसा ग्राहकवर्ग मोठा.

धडा पहिला: ग्राहकाचा वेग मोजा

कंबरलँड ते पिट्सबर्ग मोटारीने दोनेक तासांचं काम. त्या दोन तासांत माणूस फार तर एकदा चहाला थांबेल.

आता सायकलवाल्याचा हिशेब करा. दिवसाला ६० किलोमीटर धरले, तर २४० किलोमीटरला चार दिवस आणि मध्ये तीन रात्री. तीन रात्रींची खोली, तीन वेळचं रात्रीचं जेवण, तीन सकाळचा भरपेट नाश्ता, शिवाय दुपारचं खाणं वेगळं. माणूस तोच, दोन्ही टोकं तीच. फक्त वेग कमी झाला आणि खर्च वाटेवरच्या गावांत राहिला.

आपल्याला हे नवीन नाही. पंढरीच्या वारीत सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद हे मुक्काम माणसाच्या पायांनी ठरवलेत. पाय जिथे थकतात, तिथे मुक्काम पडतो. धंद्याची जागाही तशीच शोधायची.

धडा दुसरा: अंतराचा तक्ता काढा

कंबरलँडपासूनची साधारण अंतरं वहीत उतरवून घ्या:

- फ्रॉस्टबर्ग: २५ किमी
- मायर्सडेल: ५१ किमी
- रॉकवुड: ७० किमी
- कन्फ्लुअन्स: ९९ किमी
- ओहायोपाइल: ११५ किमी
- कॉनेल्सव्हिल: १४२ किमी
- वेस्ट न्यूटन: १८३ किमी
- पिट्सबर्ग: २४० किमी

आता तक्ता वाचा. सकाळी कंबरलँडहून निघालेला माणूस चढ संपवून मायर्सडेलला पोचतो, तेव्हा त्याच्या पोटात कावळे ओरडत असतात. तिथे गरम जेवण आणि बिछाना विकला जाईल. कन्फ्लुअन्स हे हजारभरही वस्ती नसलेलं गाव, पण १०० किलोमीटरच्या आसपास येतं, म्हणजे दुसऱ्या मुक्कामाला सोयीचं. ओहायोपाइलची कायमची वस्ती शंभरही नाही! तिथे धबधबे आहेत, नदीत राफ्टिंग चालतं. गावाच्या लोकसंख्येवरून कुणी म्हटलं असतं, "इथे काय चालणार?" ओहायोपाइल ते कॉनेल्सव्हिल हा २७ किलोमीटरचा टप्पा मात्र जंगलाचा, मध्ये गाव नाही. म्हणून पाणी, खाऊ आणि पंक्चरची ट्यूब ओहायोपाइललाच विकली पाहिजे. पुढे गेल्यावर विकणारा कुणी नाही.

धडा तिसरा: त्याची अडचण विका

सायकलवाल्याला तलाव दिसणारी खोली आवडेलच. पण आधी त्याला काय लागतं? सायकल कुलपात ठेवायला जागा. पाऊस पडला की चुनखडीचा राखाडी चिखल साखळीला चिकटतो, तो धुवायला नळी. ओले कपडे वाळवायची सोय. सकाळी लवकर नाश्ता.

आणि दोन धंदे असे, जे नुसतं बसून सुचत नाहीत. एक, ग्राहकाच्या बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणं. दोन, त्याला परत आणणं. वाट एका दिशेची आहे आणि त्याची मोटार २४० किलोमीटर मागे उभी आहे! त्यामुळे सायकलींसह माणसं नेणाऱ्या व्हॅन इथे चालतात. चढ नको असेल, तर थेट वरून सुरुवात करायलाही व्हॅन लागते. वाटेवर गाडीला बंदी, पण वाटेच्या बाहेर गाडीचाच धंदा. गंमत आहे ना?

धडा चौथा: वाटेपासून दारापर्यंतचं अंतर

वाट गावाच्या कडेने जाते, बाजारपेठ आत असते. फ्रॉस्टबर्ग तर वाटेपासून बरंच वर आहे, नागमोडी चढ चढून जावं लागतं. थकलेला माणूस "वर काय मिळेल?" हे माहीत नसताना चढणार नाही. म्हणून पाटी हवी: काय मिळतं, किती दूर, किती वाजेपर्यंत.

ही गोष्ट एकट्या दुकानदाराला जमत नाही. म्हणून २००७ मध्ये, वाट पुरी व्हायच्या आधीच, तिथे 'ट्रेल टाऊन प्रोग्रॅम' सुरू झाला. छोट्या व्यावसायिकांना कर्ज देणाऱ्या 'प्रोग्रेस फंड' या संस्थेने तो चालवला. वाटेवरून गावात येणारा रस्ता, पाट्या, बाक, सायकल लावायची जागा आणि गावात कुठला धंदा कमी आहे, याचा गावागावांत विचार झाला. शेजारचा दुकानदार इथे स्पर्धक कमी, जोडीदार जास्त. गावात खोल्या असून जेवण नसेल, तर मुक्काम पुढच्या गावाला जातो.

धडा पाचवा: बंद महिन्यांचं भाडं

आता कटू भाग. सर्वोच्च ठिकाणाजवळ 'बिग सॅव्हेज' नावाचा सुमारे एक किलोमीटरचा बोगदा आहे. बर्फामुळे नुकसान होऊ नये म्हणून हिवाळाभर त्याची दारं बंद ठेवतात, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. बोगदा बंद, तर सलग प्रवास बंद. धंदा थंड. भाडं आणि हप्ता मात्र चालूच!

आपल्या भाषेत हिशेब: समजा जागेचं भाडं महिना १०,००० रुपये. वर्षाचे १,२०,०००. विक्री सात महिनेच होणार असेल, तर चालू महिन्यावर भाड्याचा बोजा १०,००० धरू नका, सुमारे १७,१५० धरा. त्यावर दर ठरवा. हा आकडा भरत नसेल, तर बंद महिन्यांत गावातल्या लोकांना काय विकणार, ते आधी ठरवा. तेही सुचत नसेल, तर कर्जाच्या कागदावर सही करू नका. हंगाम बघून कर्ज काढणारे बुडतात, बिगरहंगाम बघून काढणारे टिकतात.

गृहपाठ

तुमच्या मनातली जागा घ्या. तिथे एक दिवस सुट्टीचा आणि एक दिवस कामाचा, असे दोन दिवस बसा. वहीत चार रकाने करा: किती जण गेले, किती थांबले, का थांबले, थांबून काय मागितलं जे तिथे मिळालं नाही. चौथा रकाना म्हणजे तुमचा धंदा. तो रिकामा राहिला, तर जागा बदला. दोन दिवस गेले तर गेले, दागिने तर कपाटातच राहतील.

त्या तरुणाची मी नंतर माफी मागितली. तो म्हणाला, "सर, तुम्ही मोजलंत ते बरोबरच होतं, पण भलतंच मोजलंत." ते वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक बॅचला सांगतो. तुम्हीही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!