आजाराचा विमा आणि त्याला झालेला विरोध

घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की घराचे दोन्हीकडून नुकसान होते. औषधाला पैसा जातो आणि मजुरीही बुडते. जयसिंगपूरच्या बाजारात पोती उचलणारा हमाल असो, शिरोळच्या शिवारात ऊस तोडणारा असो, की इचलकरंजीत माग चालवणारा असो, सर्वांची गत एकच. मग सावकाराचे दार धरायचे, नाहीतर शेताचा तुकडा गहाण टाकायचा.

यावरचा उपाय आपल्या गावांना जुनाच ठाऊक आहे. पेरणीला आपण पैरा करतो. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या रानात. एकट्याला न पेलणारे काम असे दोघाचौघांत हलके होते. आजाराचा विमा म्हणजे पैशाचा पैराच. सगळ्यांनी थोडी थोडी वर्गणी टाकायची. जो आजारी पडेल त्याचा खर्च त्यातून भागवायचा. जो धडधाकट राहिला त्याने आपले पैसे फुकट गेले असे मानू नये. धडधाकट राहिला, हाच त्याचा नफा.

गोष्ट इतकी साधी. तरी असा कायदा करायची वेळ आली की विरोध होतोच. “आजवर चालले तसेच चालू द्या,” असे म्हणणारे लोक पुढे येतात. त्यांचे म्हणणे काय असते, आणि त्यात दाणे किती, फोलपट किती, हे आपण या पाठात पाखडून पाहू.

मुंबईतला कायदा

मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बाया कामाला होत्या. बाळंतपणासाठी घरी बसले की मजुरी बंद. म्हणून कित्येकजणी दिवस भरत आले तरी राबत. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांनी 1924 साली दिल्लीच्या विधिमंडळात याबद्दल विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पुढे 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात तसेच विधेयक आले. विरोधकांनी सांगितले की धंद्यावर बोजा पडेल. एकट्या मुंबई इलाख्यात असा कायदा कशासाठी, असेही विचारले गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा त्या कौन्सिलात सभासद होते. त्यांनी विधेयकाची बाजू घेतली. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असे ते म्हणाले. म्हणूनच या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, हेही त्यांनी मांडले. मालक बायांना कामावर घेतो तो आपल्या फायद्यासाठीच घेतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

1929 साली मुंबईचा कायदा झाला. पण त्यात एक उणीव राहिली. सगळा खर्च एकट्या मालकावर आला. मग काही मालकांनी पळवाट काढली. बाईला दिवस गेले असे कळताच तिला कामावरून काढू लागले. जिच्यासाठी कायदा, तिचीच भाकरी गेली! एकाच खांद्यावर सारे ओझे टाकले, तर तो खांदा ते झटकायला बघतो.

ओझे वाटून घेण्याची रीत

इंग्लंडने ओझे वाटण्याची रीत 1911 सालीच धरली होती. तिथले अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी आजाराच्या विम्याचा कायदा आणला. दर आठवड्याला कामकरी पुरुषाने चार पेन्स, मालकाने तीन आणि सरकारने दोन पेन्स द्यायचे. वर्गणीची तिकिटे कार्डावर चिकटवायची. केवढा गहजब झाला! डॉक्टर विरोधात उठले. लंडनमध्ये बड्या घरच्या बायांनी सभा भरवली. घरच्या नोकरांसाठी तिकिटे चिकटवत बसायला त्या तयार नव्हत्या. पण 1912 साली कायदा अंमलात आला, आणि हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडला.

आपल्याकडे बाबासाहेब दिल्लीच्या सरकारात मजूरमंत्री असताना प्रा. अदारकर यांनी 1944 साली कामगार विम्याची योजना लिहून दिली. तिच्यावरून 1948 साली कामगार राज्य विमा कायदा झाला. कामगार आणि मालक दोघांची वर्गणी, आणि औषधपाण्याच्या खर्चात राज्य सरकारांचाही हिस्सा, अशी ही रीत आहे. बाळंतपणाचा पैसाही याच पेटीतून मिळू लागला. मग बाईला कामावरून काढून मालकाला काय मिळणार?

आरंभ कानपूर आणि दिल्लीत व्हायचा होता. कानपूरचे कारखानदार म्हणाले, “आम्ही वर्गणी भरणार आणि दुसऱ्या गावचे कारखानदार भरणार नाहीत. मग आमचाच माल महाग पडेल.” हे म्हणणे रास्त होते. म्हणून 1951 साली कायदा दुरुस्त केला. योजना पोचली नव्हती तिथल्या मालकांकडूनही थोडी वर्गणी घ्यायचे ठरले. मग 24 फेब्रुवारी 1952 रोजी योजना सुरू झाली.

आक्षेप कसा पारखावा?

विरोध करणारा प्रत्येकजण लबाड नसतो. तेव्हा आम्ही एकच कसोटी सांगतो. हा आक्षेप कायदा सुधारू पाहतो, की बुडवू पाहतो? कानपूरच्या आक्षेपाने कायदा सुधारला. तिकिटे चिकटवायची नाहीत, या आक्षेपात गरिबाच्या दुखण्याचा विचारच नव्हता.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. “फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक खोटं आजारपण काढून घरी बसतील की!” भीती अगदीच खोटी नाही. म्हणून कामगार विम्यात डॉक्टरचा दाखला लागतो, आणि आजारपणात पूर्ण मजुरी न देता त्याहून कमी रक्कम देतात. चोरी होईल म्हणून कुणी पेरणी थांबवत नाही. राखण ठेवतो.

आज आपल्यापाशी काय आहे?

महाराष्ट्रात 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. 2013 साली ती सगळ्या राज्यात आली. 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. 2018 साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. या योजनांत ठरलेल्या दवाखान्यांत ठरलेल्या मोठ्या आजारांवर उपचार होतात. पण बुडालेली मजुरी त्यातून मिळत नाही. कामगार विम्यात ती काही अंशी मिळते, पण दुसऱ्याच्या रानात रोजाने राबणारी बाई त्या विम्याच्या बाहेरच आहे.

योजना आणि कायदा यांतला फरकही ध्यानात ठेवा. योजना सरकारच्या हुकमाने येते आणि हुकमाने बदलते. कायदा बदलायचा तर विधिमंडळात सर्वांसमोर बोलावे लागते. तिथे आपण निवडून दिलेला माणूस बसतो. तो मत मागायला दारी येईल, तेव्हा त्याला विचारा, “शेतमजुराच्या आजारपणातल्या मजुरीचं काय?” तो नाही म्हणाला, तर कारण विचारा. आणि ते कारण वरच्या कसोटीवर घासून बघा.

उत्तरे लिहा

1. विमा आणि पैरा यांत सारखे काय आहे?
2. 1929 च्या कायद्यात कोणती उणीव राहिली?
3. कानपूरच्या कारखानदारांचे म्हणणे रास्त का होते?
4. आपल्या घरात मागच्या वर्षी आजारपणात किती मजुरी बुडाली, त्याचा हिशेब वहीत मांडा.