जर्मन उच्चार आणि आपली 'चूक'

'चहा' म्हणा आणि लगेच 'चूक' म्हणा. लिहिताना च एकच, पण तोंडात दोन वाजले ना? चहाच्या वेळी जीभ टाळूला रुंद चिकटते. चुकीच्या वेळी तिचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी जाते आणि 'त्स' असा आवाज निघतो. व्याकरणात या दुसऱ्या च ला दंततालव्य म्हणतात. कोल्हापूरकर उठता-बसता 'चला की' म्हणतो, तो हाच च.

इंग्रजीत अस्सल शब्दाच्या आरंभी हा ध्वनी येत नाही. त्यामुळे जर्मन शिकणारा इंग्रज या ध्वनीपाशी अडखळतो. आणि इंग्रजी पुस्तकावरून जर्मन शिकणारा मराठी मुलगा, ध्वनी स्वतःच्या तोंडात असूनही, त्याच्यामागोमाग अडखळतो! जर्मनमध्ये झेड या अक्षराचा उच्चार 'त्स' असा आहे. आगगाडीसाठी असलेला जर्मन शब्द झेड, यू, जी असा लिहितात आणि त्याचा उच्चार होतो जवळजवळ थेट आपला 'चूक'.

पण शेवटी जी असताना क कसा आला? गळ्यावर बोट ठेवून 'ग' आणि 'क' म्हणून पाहा. ग म्हणताना स्वरतंतूंचा कंप बोटाला जाणवतो, क च्या वेळी तो थांबतो. शब्दाच्या शेवटी ब, ड, ग आले की जर्मन माणूस हा कंप बंद करतो आणि त्यांचे प, ट, क होतात. म्हणून दिवसाच्या नमस्काराचा उच्चार 'गूटन टाक'. ('टाक' मधला ट आपल्या ट इतका मागे वळवू नका, जीभ हिरडीला लावा आणि किंचित ह सोडा.) 'टाक' म्हणजे दिवस, अनेकवचनात पुढे स्वर आला की 'टागऽ', ग परत हजर.

आता खरी अडचण. शुभ रात्रीला 'गूटऽ नाख़्ट' म्हणतात. आपला ख म्हणताना जीभ मागे टाळूला टेकते. येथे ती टेकवायची नाही, अगदी जवळ नेऊन श्वास घासत सोडायचा. गझलेतला 'ख़त' ऐकला असेल, तर तोच. या जागी क म्हणाल, तर रात्रीऐवजी 'नागडा' असा अर्थ होईल!

हीच अक्षरे इ किंवा ए च्या मागून आली की ध्वनी बदलतो. 'मी' या अर्थाचा शब्द 'इच' नव्हे, 'इक' नव्हे, 'इश'ही नव्हे. असे करा: 'ईऽऽ' म्हणत राहा, जीभ तशीच ठेवा, आवाज बंद करा आणि नुसता श्वास सोडा. ऐकू येते ती कंप नसलेल्या य ची फुसफूस. देवनागरीत तिला अक्षर नाही. आपण 'ह्य' लिहून भागवू. तिच्या जागी श घातला, तर 'किर्ह्यऽ' म्हणजे चर्चचे 'किर्शऽ' म्हणजे चेरीचे फळ होते.

एका स्वरासाठी आरसा घ्या. पुन्हा 'ई' म्हणा, आणि जीभ न हलवता ओठ 'ऊ' सारखे गोल करा. जीभ एका स्वराची, ओठ दुसऱ्याचे! 'ए' ला तसेच केले की 'डांकऽ शॅन' किंवा 'शोन' असे न होता आभाराचे शब्द नीट उमटतात.

एवढी बारकाई कशाला? महाराष्ट्र शासनाने 2024 साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. जर्मनमध्ये पंधरा म्हणजे 'फ्युन्फ-त्सेन' आणि पन्नास म्हणजे 'फ्युन्फ-त्सिह्य'. दोन्हींत जोर पहिल्या अवयवावर, फरक फक्त शेपटात. औषधाचे थेंब मोजताना तो निसटला तर? त्यातच दक्षिण जर्मनीत, म्हणजे नेमक्या याच भागात, पुष्कळ लोक 'त्सिह्य' ऐवजी 'त्सिक' म्हणतात. कानाला दोन्ही ओळखीचे हवेत. (एक दिलासा: एकवीसला जर्मन माणूस आपल्यासारखेच आधी एक आणि मग वीस म्हणतो.)

मित्राला पाठमोरा बसवा, म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत. हे दोन आकडे उलटसुलट दहा वेळा म्हणा आणि त्याला 15 की 50 ते वहीत लिहू द्या.