रीत आणि नीती

शास्त्रपाठ : उत्पत्ती ११:२७-२९, २४:५०-५८, मत्तय ७:१-५



बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात आम्ही राहावयास आलो, त्या पहिल्याच वर्षी शेजारच्या घरातून लग्नाची पत्रिका आली. वधू ही वराच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची मुलगी होती. मी पत्नीला म्हणालो, "मामा-भाचीचे लग्न! आपल्याकडे मामा भाचीला बोहल्यापाशी आणून उभी करतो, स्वतः बोहल्यावर चढत नाही." माझ्या बोलण्यात आश्चर्यापेक्षा तिरस्कारच अधिक होता.

त्याच महिन्यात उत्तर प्रदेशातील एक सहकारी आमच्याकडे जेवावयास आले. बोलण्याच्या ओघात मी सांगून गेलो की, माझ्या वडिलांनी आपल्या मामाची मुलगी केली होती. त्यांचा घास हातातच राहिला. "आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे बहीण," ते हळूच म्हणाले. पत्रिका वाचताना माझा चेहरा जसा झाला असेल, तसाच त्या क्षणी त्यांचा झाला होता.

१. कुसळ आणि मुसळ

आपल्या समाजाची रीत हाच मानवजातीचा मापदंड समजून इतरांना मोजणे, या वृत्तीला आपण स्वसमाजकेंद्री दृष्टी म्हणू. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम सम्नर यांनी १९०६ साली आपल्या ग्रंथातून ही कल्पना रूढ केली. वृत्ती मात्र फार जुनी आहे. भारतातील नातेसंबंधांविषयी इरावती कर्वे यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेत आतेमामे भावंडांचा विवाह निषिद्ध, दक्षिणेत तो इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर, असे चित्र त्यातून दिसते. आपल्या जुन्या घरांतील सुना सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणत. कन्नडमध्ये 'माव' हा एकच शब्द मामा आणि सासरा या दोघांनाही चालतो. ज्या रीतीला मी हसलो, तिच्या शेजारचीच रीत माझ्या मातृभाषेत नांदत होती!

आता पवित्र शास्त्र उघडा. याकोबाने मामाच्या मुलींशी विवाह केला (उत्पत्ती २९), हे वाचताना मराठी वाचक अडखळत नाही. परंतु नाहोराची पत्नी मिल्का ही त्याच्या भावाची, हारानाची, मुलगी होती (११:२९). म्हणजे हा चुलता-पुतणीचा विवाह. मामा-भाचीचा विवाह मानणारा कन्नड वाचकही येथे दचकतो. कारण त्याच्या भाषेत धाकटा चुलता म्हणजे 'चिक्कप्पा', लहान बापच. भाषांतरकाराला रोज हाच अनुभव येतो. शास्त्रवचन प्रत्येक समाजाला कोठे ना कोठे परके वाटते.

मग लेवीय १८ चे काय? तेथे आत्या व मावशी यांच्याशी संबंध स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. पुतणी वा भाची यांचा उल्लेख नाही. पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांनी समान न्यायाने तोही संबंध निषिद्ध मानला, तर यहूदी रब्बींच्या परंपरेने तो मान्य ठेवला. वैद्यकशास्त्राचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. मामा-भाचीमध्ये सरासरी एक चतुर्थांश आनुवंशिक वारसा समान असतो, आतेमामे भावंडांत एक अष्टमांश. त्यामुळे संततीत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. हा विचार शेजाऱ्यापुढे प्रीतीने अवश्य मांडावा. मात्र तो मांडताना मराठी माणसाने त्यातला अष्टमांश आपल्याही पदरी आहे, हे विसरू नये.

२. दुसरे टोक

स्वतःच्या तिरस्काराची लाज वाटली आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. ज्याची त्याची रीत त्याला योग्य. बाहेरच्याने बरे-वाईट म्हणूच नये. यालाच सापेक्षतावाद म्हणतात. ही भूमिका केवळ आळशीपणाची नव्हती. वसाहतवाद्यांच्या गर्वाला मानववंशशास्त्रज्ञांनी दिलेले ते उत्तर होते. १९४७ साली अमेरिकेतील मानववंशशास्त्र संघटनेने, मेल्विल हर्स्कोविट्स यांनी तयार केलेले एक निवेदन संयुक्त राष्ट्रांकडे पाठवले. एका संस्कृतीची मूल्ये साऱ्या जगावर लादू नका, असा त्याचा आशय होता. तरीही १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने सोळाव्या कलमात वधू-वरांची मुक्त संमती आवश्यक ठरवली. पुढे १९९९ साली त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने ठराव केला. हा बदल का घडला असावा, हे मला एका मुलीमुळे कळले.

ती ओळखीच्या घरातील, पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. एके संध्याकाळी येऊन तिने सांगितले की, तिचे लग्न तिच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या मामाशी ठरले आहे आणि तिची इच्छा नाही. "अंकल, अप्पा तुमचा शब्द ऐकतात. एकदा बोलाल का?" मी म्हणालो, "बाळ, ही तुमच्या घरची रीत. मी परका माणूस, काय बोलू?" हे उत्तर मला त्या वेळी नम्रतेचे वाटले. वास्तविक ती भीती होती. शेजार तुटेल ही भीती. लग्न झाले. मी गेलो, जेवलो आणि आशीर्वादही दिला. पुढे ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले. ती आज सुखी असेलही. परंतु तिने मला विचारले आणि मी रीतीच्या आड लपलो, हे बदलत नाही.

३. मुलीला विचारणारे घर

काही वर्षांनी उत्पत्ती २४ चा मसुदा तपासताना मी थबकलो. रिबका ही बथुवेलाची मुलगी, आणि बथुवेल हा नाहोर व मिल्का यांचा मुलगा. म्हणजे चुलता-पुतणीच्या विवाहातून वाढलेले हे घर! आणि याच घरातील माणसे म्हणतात की, मुलीला बोलावून तिलाच विचारावे. विवाह आदल्या दिवशीच ठरला होता, प्रश्न तात्काळ निघण्याचा होता, असे कोणी म्हणेल. आणि संदर्भ पाहता ते खरेच आहे. तथापि अकराव्या शतकातील यहूदी भाष्यकार राशी यांनी जुन्या परंपरेला अनुसरून येथूनच धडा घेतला की, स्त्रीचा विवाह तिच्या संमतीनेच व्हावा.

मला हवा असलेला मापदंड येथे मिळाला. तो महाराष्ट्राच्या रीतीत नव्हता, तसा कर्नाटकाच्या रीतीतही नव्हता. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या त्या एका व्यक्तीला कोणी विचारले काय, हा तो मापदंड होय. मी त्या पित्याची रीत न हिणवता एवढे तरी विचारू शकलो असतो : "मुलीला विचारलेत काय?"

पंडिता रमाबाई हे याचे आपल्या घरचे उदाहरण. आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली त्यांचा जन्म झाला. ख्रिस्ती झाल्यावरही इंग्लंडमध्ये त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. तेथील रीत म्हणजेच धर्म, हे त्यांनी मानले नाही. त्याच रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचे हाल निर्भीडपणे मांडले, आणि १८८९ च्या अमेरिकेवरील मराठी ग्रंथात तेथील स्त्रीशिक्षणाची प्रशंसा करतानाच तेथील दोषही दाखवले. दोन्ही समाजांना त्यांनी एकच माप लावले.

वाचकहो, माप एकच असेल तर ते प्रथम आपल्या घराला लागेल. आपल्या मंडळ्यांत स्थळ पाहताना "मूळचे कोण?" हा प्रश्न हळू आवाजात अजूनही विचारला जातो. ते मुसळ प्रथम काढू या. मात्र प्रभू येशूने तेथेच थांबावयास सांगितलेले नाही. मुसळ काढावयाचे ते स्पष्ट दिसावे आणि भावाच्या डोळ्यातील कुसळ हलक्या हाताने काढता यावे म्हणून. शेजाऱ्याचा डोळा दुखत असताना मान फिरवणे ही प्रीती नव्हे.

चिंतनासाठी प्रश्न

१. दुसऱ्या समाजाची कोणती रीत तुम्हांस केवळ अपरिचित म्हणून वाईट वाटते?

२. "ही त्यांची रीत" असे म्हणून तुम्ही कोणाच्या हाकेकडे पाठ फिरवली आहे काय?

३. तुमच्या घरातील विवाह ठरवताना मुलीला मोकळेपणाने 'नाही' म्हणता येते काय?