कर्ता आणि उद्देश्य
इंग्रजी वाक्यातील उद्देश्य शोधावयास सांगितले की दिल्लीतील आमचा मराठीभाषक विद्यार्थी क्रिया करणारा शोधू लागतो. घोटाळा तेथेच होतो. ‘रामाने पोळी खाल्ली’ येथे कर्ता राम. क्रियापदाचे लिंगवचन मात्र पोळीचे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) अशा प्रयोगांची चर्चा आहे. इंग्रजीची व्यवस्था निराळी. ‘इट इज रेनिंग’ मधील ‘इट’ काहीच करीत नाही. तरी उद्देश्य तेच, उरलेले विधेय. वाक्य प्रश्नार्थक करून पाहावे: ‘इज इट रेनिंग?’ ‘इज’ ज्याला ओलांडून पुढे आले, ते उद्देश्य. ही कसोटी मराठीस लागू नाही. म्हणून कर्ता आणि उद्देश्य या संज्ञा समानार्थी मानू नयेत. मानल्यास कर्मणी प्रयोग हा मराठीचा स्वभाव न वाटता अपवाद वाटू लागतो.