परगावी पोरांचा फुटबॉल सामना बघायला जाशील तेव्हा

बाळा, कंपनीनं तुला हिंजवडीला धाडलंय आणि राहायची सोय सूसला केलीय, हे ऐकून मला बरं वाटलं. मुळशीतलं हे गाव २०२१मध्ये पुणे महापालिकेत आलं. शेजारीच म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे आणि बाणेर-बावधनपर्यंत शाळांची मैदानं आणि टर्फ आहेत. सुट्टीच्या दिवशी कुठे ना कुठे पोरांचा फुटबॉल सामना लागलेला असतो. खोलीत मोबाइल चाळत बसू नकोस, एकटा असलास तरी जा. फक्त तिथे तू पाहुणा आहेस आणि बाकीचे कुणाचे तरी आई-बाप, एवढं डोक्यात ठेव.

१. मैदानाचं नुसतं नाव विचारू नकोस, कोणत्या गेटनं आत जायचं तेही विचार — बालेवाडीचं संकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेलं, आवार अफाट. चुकीचं गेट धरलंस की पहिला हाफ चालण्यातच जाईल.

२. अर्धा तास आधी पोच — वयोगटांचे सामने एकामागून एक लावलेले असतात, आणि लहान पोरांचा सामना काही ९० मिनिटं चालत नाही. चहा घेऊन येतोस तोवर संपलेला असतो.

३. परत कसा येणार ते जायच्या आधी ठरव — अंधार पडल्यावर मैदानाबाहेर रिक्षा मिळेलच असं नाही. आणि मुंबई-बंगळूर महामार्ग पायी ओलांडायचा नाही, वळसा कितीही लांबचा असो. आधी परतीची वाट, मग गोलाची बात.

४. लॅपटॉपची बॅग खोलीवर ठेव, कंपनीचं ओळखपत्रही गळ्यातून काढ — बॅग सांभाळणाऱ्याचं लक्ष चेंडूवर नसतं.

५. हिवाळ्यात सकाळचा सामना असेल तर स्वेटर, पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट — छत्रीमुळे मागच्या आईला स्वतःचं पोर दिसत नाही. शाळांची सुब्रतो चषकाची जिल्ह्याची फेरी ऐन पावसात येते, तेव्हा चांगले बूट घालून जाऊ नकोस. १९६०पासून चालत आलेली ही स्पर्धा. तालुक्याच्या शाळेतलं पोर तिच्या जोरावर दिल्लीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून चिखलातला तो सामना बघण्यासारखा असतो.

६. वळवाचे ढग आले आणि गडगडाट कानावर पडला की ऊठ, पक्क्या इमारतीत नाहीतर गाडीत जा — झाडाखाली थांबायचं नाही. उघड्या मैदानात विजेला उंच वस्तू लागते.

आता यापुढचं नीट वाच. मैदानावरच्या सगळ्या माणसांना तुझ्याविषयी काय वाटेल, ते यावर ठरतं.

७. पोचल्यावर आधी आयोजकाला नाहीतर एखाद्या प्रशिक्षकाला गाठ आणि सरळ सांग, “सर, मी कामासाठी इथं आलोय, फुटबॉल आवडतो, बसून बघू का?” — पोरांच्या मैदानावर अनोळखी मोठा माणूस एकटा दिसला की आई-बापांच्या मनात प्रश्न येतोच, आणि तो यायलाच हवा. विचारायच्या आधीच उत्तर दिलंस की सगळे निवांत. आधी ओळख, मग बैठक.

८. पोरांचे फोटो काढू नकोस, व्हिडिओही नको — चेहरा, जर्सीवरचं नाव आणि शाळा एकत्र फिरू लागली की त्या पोराचा ठावठिकाणा कुणालाही लागतो. आठवण हवीच असेल तर सामन्याआधी रिकाम्या मैदानाचा एक घे.

९. एखाद्या पोराचा खेळ आवडला तर कौतुक त्याच्या प्रशिक्षकाजवळ नाहीतर आई-बापांजवळ कर. खाऊ, पैसे, गाडीवरून सोडणं यातलं काही नको — तुझं मन निर्मळ आहे हे मी जाणतो, पण अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही ही पोराला लागलेली सवय तू मोडू नकोस.

१०. पोरं कपडे बदलतात त्या खोलीकडे, तंबूकडे फिरकायचंही नाही — याला कारण सांगत बसायला नको.

११. टचलाइनपासून चार पावलं मागे थांब, गोलपोस्टच्या मागे तर नकोच — लाइन्समन रेषेवरूनच धावतो आणि त्याची नजर ऑफसाइडवर असते, तुझ्या पायांवर नाही.

१२. “पास दे”, “मार की” असं ओरडायचं नाही — प्रशिक्षक एक सांगतो, बाप दुसरं, त्यात तुझं तिसरं. पोर चेंडू सोडून आवाज शोधत राहतं. पाहुण्यानं टाळी आणावी, सल्ला घरी ठेवावा.

१३. रेफरीवर आवाज चढवू नकोस — या सामन्यांना शिट्टी धरणारा पुष्कळदा स्वतःच कोवळा पोरगा असतो, पोरांसारखा तोही शिकतोय. प्रेक्षकांच्या शिव्यांनी असे रेफरी खेळ सोडून जातात, मग पुढचा सामना लावायचा कुणाच्या भरवशावर?

१४. अगदी चिमुरड्यांचे सामने असतील तर स्कोअर विचारू नकोस — २०१८मध्ये सुरू झालेल्या गोल्डन बेबी लीगसारख्या स्पर्धांत तेरा वर्षांखालची मुलं-मुली एकत्र खेळतात, आणि तिथे निकालापेक्षा प्रत्येकाचा पाय चेंडूला लागणं मोलाचं धरतात. मला ही पद्धत मनापासून पटते.

पुढे कामासाठी कोल्हापूरला गेलास तर मात्र गोष्ट निराळी. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे पेठापेठांचे संघ उतरतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल असा उराशी धरलेला तुला दुसरीकडे बघायला मिळायचा नाही. कोल्हापूरच्याच अनिकेत जाधवनं पुढे पुण्यात धडे गिरवले आणि २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. तिथे जाताना साधा पांढरा शर्ट घाल — कोणत्या रंगाच्या कपड्यात कोणत्या पेठेच्या घोळक्यात बसलास, याचा अर्थ तिथे लागतो.

१५. सामना कुठलाही असो, हरलेल्या संघासाठीही उभं राहून टाळ्या वाजव, आणि गोल खाल्लेल्या गोलकीपरसाठी थोड्या जास्त — त्याची चूक सगळ्यांना दिसते, त्यानं अडवलेले चार चेंडू कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

१६. निघताना आयोजकांना पुढचा सामना कधी आहे ते विचार, आणि मैदान आखणाऱ्या, पाण्याचे जार उचलणाऱ्या माणसाला “बरं झालं मैदान” एवढं म्हण — त्याला हे कुणी म्हणत नाही.

येत्या शनिवारी काम वेळेत आवर आणि जा.